चाकर कुणाचे?

माझी आत्ती एका नगरपालिकेत झाडू मारते. गावाचं नाव लिहीत नाही. ती ठेकेदाराकडं आहे. उद्या तिची हजेरी बंद झाली तर तिचं घर मी चालवू शकणार नाही. मागच्या पावसाळ्यात तिथल्या एका नगरसेवकानं तिला रस्त्यावरून हाक मारून आपल्या परड्यात नेलं आणि तुंबलेली मोरी हातानं उपसायला लावली. मोरी तुमच्या घरची, माझं काम रस्त्याचं, एवढंच ती बोलली. त्यावर चार माणसांत तो म्हणाला, 'माझ्या जिवावर पगार खातीस आणि मलाच कायदा शिकवतीस?' पुढं जे म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मी विचारलं, आत्ती, तक्रार का केली न्हाईस? ती म्हणाली, 'आरं लेकरा, मालक हाईत ती.'

मी पलूसचा. सूतगिरणीत रिंगखात्यात तिसऱ्या पाळीला असतो. शाळा नववीत सुटली. रात्रभर तो 'मालक' शब्द डोक्यात फिरत राहिला. मग सुट्टीच्या वारी वाचनालयात बसून ह्या मालकाचा माग काढला. जे हाती लागलं ते लिहितोय.

हा मालक जुना आहे. इंग्रजांनी १८७४ साली वतनाचा कायदा केला. त्यात महार सरकारी नोकर धरला गेला. पण नोकराला जे असतं त्यातलं त्याला काहीच नव्हतं. पगार नाही, कामाची वेळ नाही. तुकडाभर इनाम जमीन, थोडं बलुतं, दारोदारची भाकरी. त्याबदल्यात पाटील, तलाठी, येणारा-जाणारा अंमलदार, कुणीही हाक मारावी आणि ह्यानं धावावं. हा आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्यानं धावावं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात वतन बिल मांडलं ते ह्याच्याच विरुद्ध. काम ठरवा, मोबदला ठरवा, ही मागणी. ते बिल तडीस गेलं नाही. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. जमिनीचं काय ते कागदावर मिटलं, पण हाक मारायची सवय मिटली नाही.

वतन नको म्हणून आमची माणसं शहरात गेली. तिथं कितीकांच्या हातात झाडू आला. शहरातला झाडूचा इतिहासही बघा. १८८९ साली मुंबईत मैला उचलणाऱ्या हलालखोरांनी संप केला. लगेच १८९० साली म्युनिसिपल नोकरांचा कायदा आला. नोटीस न देता काम सोडलं तर तो गुन्हा. झाडूवाला काम सोडून गेला तर शहराची अडचण होते, हे सरकारला ताबडतोब कळलं. त्याला माणसासारखं कोण वागवत नाही, हे बघायला कलम नव्हतं. १९३५ साली बाबासाहेबांनी मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ काढला, तेव्हा कुठं ह्या माणसांच्या तोंडाला संघटनेचा आवाज आला.

सगळे सभासद सारखेच असतात असंही नाही. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ पुणे म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून हजार रुपये उधळायचं ठरलं. एकटे जोतीराव विरोधात गेले. हा पैसा शिक्षणाला लावा म्हणाले. लोकांच्या पैशाची राखण करायला ती खुर्ची असते. घरची मोरी उपसून घ्यायला नसते.

आता आजचा कायदा. नगरपरिषदांचा कायदा १९६५ चा. त्यात नोकरांवर ताबा मुख्याधिकाऱ्याचा. नगरसेवकानं सभेत प्रश्न विचारावा, मुख्याधिकाऱ्याला सांगावं. झाडूवालीला परड्यात न्यायचा हक्क त्याला नाही. आणि कलम ४२ म्हणतं, कामात गैरवर्तन किंवा लाजिरवाणं वर्तन केलेल्या नगरसेवकाला राज्य सरकार पदावरून काढू शकतं, स्वतःहून किंवा नगरपरिषदेच्या शिफारशीवरून. अध्यक्षासाठी कलम ५५-अ आहे. महापालिकांच्या कायद्यात असंच कलम १३ आहे. पलूसला ग्रामपंचायतीची नगरपरिषद झाली २०१६ साली. पाटी बदलली त्या दिवसापासून हे कलम आमच्याही गावाला लागू आहे.

हे नुसतं कागदावर नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये अहमदनगर महापालिकेचे उपमहापौर श्रीपाद छिंदम यांनी वॉर्डातल्या कामाला माणसं का नाहीत म्हणून एका नोकराला फोनवर झापलं. त्यात शिवाजी महाराजांबद्दल वाईट बोलले. बोलणं रेकॉर्ड झालं होतं, ते महाराष्ट्रभर गेलं. पक्षानं काढलं, उपमहापौरपद गेलं, अटक झाली, पद रद्द करा असा ठराव महापालिकेच्या सभेनं केला. तरी डिसेंबर २०१८ ला ते अपक्ष म्हणून परत निवडून आले. पण जुन्या मुदतीतलं वागणं नव्या मतांनी धुतलं गेलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारनं नगरसेवकपद रद्द केलं.

महाराजांचा अपमान झाला म्हणून लोक पेटले, ते बरोबरच. पण त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला एक नोकर होता. बातम्यांतून तो लवकरच गायब झाला. नुसत्या त्यालाच शिव्या दिल्या असत्या तर पद गेलं असतं का? मला वाटत नाही. माझं सगळं म्हणणं इथंच आहे. 'लाजिरवाणं वर्तन' हे शब्द कायद्यात आहेत, पण झाडूवालीचा अपमान लाजिरवाणा धरायचा का, हे अजून ठरायचंय.

दुसरी कलमंही अपुरी पडतात. लोकसेवकावर कामात हात टाकला तर जुनं कलम ३५३ होतं. महाराष्ट्रानं त्याची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली होती. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तिच्यात ते कलम १३२ झालं आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत. नुसती शिवी त्यात बसत नाही. शिवाय ठेक्यावरची बाई लोकसेवक आहे का, ह्यावरच वकील भांडत बसतील. जातीवरून चारचौघांत अपमान केला तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. पण तिथंही साक्षीदार लागतो. परड्यातल्या त्या चार माणसांतला कोण येणार?

कुंडल आमच्या शेजारचं गाव. १९४३ पासून नाना पाटलांचं प्रतिसरकार इथं चाललं, गावोगाव न्यायनिवाडे झाले. ह्या भागातल्या पोराला 'जाब' हा शब्द शिकवावा लागत नाही. आता पत्री मारायची गरज नाही, अर्ज पुरे. तारीख, वेळ, जागा, कोण हजर होतं, काय शब्द वापरले, सगळं त्याच दिवशी लिहायचं. एक प्रत मुख्याधिकाऱ्याला, एक जिल्हाधिकाऱ्याला, एक आपल्याजवळ. एकटीनं नाही, दहाजणींनी मिळून द्यायचा.

मी आत्तीसाठी अर्ज लिहिला. तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, 'माझं नाव वर नगं, सगळ्यांच्या मधी घाल.' मग म्हणाली, 'आधी त्या नऊजणींस्नी विचारून येते.' आजवर पाचजणी हो म्हणाल्यात. अर्ज तिच्या ट्रंकेत आहे. मी घाई करत नाही, कारण हजेरी जाणार ती तिची, माझी नाही. पण परवा बोलताना ती त्या माणसाला मालक म्हणाली नाही. नावानं बोलली.