सागाच्या ओळींमधला भात

१८५२च्या युद्धानंतर ब्रह्मदेशातला पेगू प्रांत इंग्रजांकडे गेला आणि त्याबरोबर सागाची मोठी जंगलंही. जहाजबांधणीला साग हवाच होता. पण त्याच डोंगरांत करेन लोक जंगल तोडून, जाळून राखेत भात पेरत आणि जमीन थकली की पुढे सरकत. आपल्या सह्याद्रीत, कारवारच्या बाजूला, अशाच कुमरी शेतीवर इंग्रजांनी निर्बंध आणले. पेगूत वेगळं घडलं. १८५६ मध्ये तिथल्या जंगलांवर नेमलेल्या डिट्रिश ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने करेनांशी बोली केली: भाताबरोबर सागाचं बी लावा, जगलेल्या रोपांवर मोबदला घ्या. हीच तौंग्या पद्धत.

ती जमली याचं श्रेय मी ब्रँडिसपेक्षा करेनांना देईन. सागाची कठीण बी भाजलेल्या जमिनीत बरी रुजते. कोवळ्या रोपाला सावली आणि तण दोन्ही सोसत नाहीत. भाताची बेणणी केली की सागाचीही आपसूक होते. आग कुठे, कधी लावायची आणि तण कधी काढायचं हे सारं त्या लोकांच्या अंगवळणी होतं. सरकारला ती विद्या जवळजवळ फुकट मिळाली. झाडांची सावली दाटली की पीक थांबे, कुटुंब दुसऱ्या तुकड्यावर जाई आणि मागे उभं राहिलेलं सागवान सरकारचं होई.

पुढे ही पद्धत चितगाव, बंगाल, जावा, केनिया अशी पसरली. गोरखपूरच्या तराईत १९२०च्या दशकात ती सालवृक्षासाठी आली. सालाचं बी पावसाच्या तोंडावर गळतं आणि काही दिवसांतच निर्जीव होतं, म्हणून माणसं जंगलातच हवी होती. भूमिहीन कुटुंबं तिथे वसवली गेली. मजुरी नाही, ओळींमधल्या पट्टीत जे पिकेल तेवढंच त्यांचं. तौंग्यावरूनच वनटांगिया म्हणवल्या गेलेल्या या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या साल वाढवला, पण त्यांच्या वस्त्या महसुली नोंदीत गावं नव्हत्या. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर जमिनीचे पट्टे मिळू लागले आणि महसुली गावाचा दर्जा तर २०१७ नंतर आला. झाडाखालच्या शेतीच्या इतिहासातलं सगळ्यांत लाजिरवाणं पान मला हेच वाटतं.

गयानाचे केनेथ किंग यांनी १९६८ मध्ये नायजेरियातून तौंग्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. नैरोबीत कृषिवनशेतीची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, तेव्हा तिचे पहिले महासंचालक तेच झाले. वनखात्याच्या सोयीची पद्धत इथून शेतकऱ्याच्या शेतावर आली. झाड आता त्याच्या बांधावर किंवा पिकाच्या ओळींत, त्याच्या मर्जीने वाढणार होतं. भारताने २०१४ मध्ये राष्ट्रीय कृषिवनशेती धोरण आणलं. असं धोरण करणारा तो पहिला देश.

त्या धोरणात झाडतोडीचे आणि वाहतुकीचे नियम सोपे करण्याचा मुद्दा आहे. तरीही महाराष्ट्रात स्वतःच्या बांधावर वाढवलेलं सागवान तोडायला शेतकऱ्याला परवानगी काढावी लागते. वीस-पंचवीस वर्षं झाडाच्या सावलीत घटलेलं पीक त्याने सोसलेलं असतं. त्या झाडावर पहिला शब्द त्याचा असावा, आणि कायद्यातली दुरुस्ती तिथूनच सुरू व्हावी.