क्लायंटला पुष्पगुच्छ द्यायचा? मग या गोष्टी आधी समजून घ्या

दिवाळी जवळ आली की ऑफिसात एक यादी फिरायला लागते. कोणत्या क्लायंटला सुकामेवा, कोणाला मिठाई, कोणाला डायरी आणि कोणाला पुष्पगुच्छ. यात सगळ्यात कमी विचार होतो तो पुष्पगुच्छाचा. 'फुलंच तर आहेत' म्हणून कुणीतरी फोनवर ऑर्डर देऊन टाकतं.

पण हीच साधी भेट नीट दिली तर लक्षात राहते आणि चुकीची दिली तर अवघडल्यासारखं होतं. कसं, ते पाहूया.

फुलंच का?

अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ जेनेट हॅविलंड-जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा फुलांवरचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका प्रयोगात १४७ महिलांना घरपोच भेट पाठवली गेली. काहींना फुलं, काहींना फळांची टोपली, काहींना मेणबत्ती. फुलं मिळालेल्या सगळ्याजणी मनापासून हसल्या, म्हणजे ओठांसोबत डोळ्यांतही हसू उमटलं. काही दिवसांनंतरही त्यांचा मूड तुलनेनं चांगला असल्याचं दिसलं.

मात्र या संशोधनाला अमेरिकेतल्या फूल विक्रेत्यांच्या संघटनेची मदत होती. शिवाय त्यात व्यावसायिक संबंध तपासले नव्हते. त्यामुळे 'फुलं दिली की ऑर्डर मिळते' असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

फुलांची खरी ताकद वेगळी आहे. ती आठवडाभरात सुकतात. ती विकता येत नाहीत, साठवता येत नाहीत. त्यामुळे घेणाऱ्यावर परतफेडीचं ओझं येत नाही. चांदीचं नाणं घेताना माणूस मनात हिशोब करतो, फुलं घेताना सहसा करत नाही.

कधी द्यावीत?

नव्या ऑफिसचं उद्घाटन, कंपनीचा वर्धापनदिन, एखाद्याची बढती किंवा निवृत्ती, मोठं काम वेळेत पूर्ण होणं, हे योग्य प्रसंग. दिवाळीत टेबलावर आधीच दहा भेटी असतात, त्यात तुमचा गुच्छ हरवतो. एरवीच्या साध्या दिवशी, नेमक्या कारणासाठी आलेली फुलं जास्त लक्षात राहतात.

सोबत दोन ओळींचं हातानं लिहिलेलं कार्ड हवंच. नुसता कंपनीचा लोगो लावला तर ती जाहिरात वाटते.

कोणती निवडावीत?

लाल गुलाबांचा गुच्छ प्रेमाचा संकेत मानला जातो, तो कामाच्या ठिकाणी टाळलेला बरा. जरबेरा, कार्नेशन, ऑर्किड, निशिगंध हे सुरक्षित पर्याय. कार्नेशन आणि ऑर्किड जास्त दिवस टिकतात. बंद केबिनमध्ये उग्र वासाची लिली काहींना सहन होत नाही.

परदेशी पाहुणे असतील तर आणखी काळजी घ्या. जपान आणि फ्रान्समध्ये पांढरी शेवंती अंत्यविधीशी जोडलेली आहे. रशियात सम संख्येत फुलं फक्त मृत व्यक्तीसाठी नेतात. जपानमध्ये आजारी माणसाला कुंडीतलं रोप देत नाहीत, कारण मूळ धरलेलं रोप म्हणजे आजारानं मूळ धरणं, असं तिथं मानतात.

भेट कुठे संपते, लाच कुठे सुरू होते?

किंमत, वेळ आणि हेतू या तीन गोष्टी पाहा. टेंडरचा निर्णय व्हायचा असताना पाठवलेला गुच्छ छोटा असला तरी संशय निर्माण करतो. अनेक कंपन्यांचं स्वतःचं गिफ्ट धोरण असतं, ते आधी विचारून घ्या.

सरकारी अधिकाऱ्यांच्या बाबतीत नियम आणखी कडक आहेत. पंतप्रधानांच्या दौऱ्यात पुष्पगुच्छ देऊ नये, फार तर एक फूल आणि त्यासोबत खादीचा रुमाल किंवा पुस्तक द्यावं, अशी सूचना केंद्रीय गृह मंत्रालयानं २०१७ मध्ये राज्यांना केली होती.

कराचाही मुद्दा आहे. व्यवसायाच्या निमित्तानं एकाच व्यक्तीला वर्षभरात २० हजार रुपयांपेक्षा जास्त किमतीचे लाभ दिले, तर १० टक्के टीडीएसची तरतूद १ जुलै २०२२ पासून लागू झाली. भेट म्हणून वाटलेल्या वस्तूंवर जीएसटीचं इनपुट टॅक्स क्रेडिटही मिळत नाही. एखाद्या गुच्छानं ही मर्यादा ओलांडली जात नाही, पण वर्षभराच्या सगळ्या भेटींची नोंद ठेवलेली बरी.

पैसा कुणाच्या हातात जातो?

पुणे जिल्ह्यातल्या मावळ भागात पॉलिहाऊसमध्ये गुलाब पिकतात, त्यातले काही व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशातही जातात. दुसरीकडे, अनेक गुच्छांमधले ऑर्किड थायलंडहून आलेले असतात. ऑर्डर देताना 'इथली, हंगामातली फुलं द्या' एवढं सांगितलं तरी फुलवाला तशी देऊ शकतो. प्लॅस्टिकऐवजी कागदाचं किंवा कापडाचं वेष्टण मागा.

थोडक्यात काय?

उशिरा गेलेलं बिल, न उचललेला फोन किंवा बिघडलेला माल याची भरपाई फुलांनी होत नाही. आधी चूक दुरुस्त करा. काम चोख असेल, तर आभाराचा एक छोटा गुच्छ पुरेसा असतो.

आणि तुम्हालाच गुच्छ मिळाला तर? वेष्टण काढा, देठ तिरके कापा, पाणी रोज बदला. मग देणाऱ्याला एक फोन करा. नातं खरं तिथूनच पुढे सरकतं.