५०० पौंडांचा बैल किती जणांना पुरला?

जुन्या कागदात एखादा आकडा सापडला की आपल्याला हायसं वाटतं. पण तो टिपणवहीत उतरवण्याआधी त्याला एक साधा प्रश्न विचारा: हे मोजमाप नेमकं कोणत्या टप्प्यावरचं? या वेळी उदाहरण खाण्यापिण्यातलंच घेऊ.

१८ सप्टेंबर १७९३. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी अमेरिकेच्या कॅपिटॉल इमारतीची कोनशिला बसवली. फ्रीमेसन मंडळींची मिरवणूक, तोफा, सगळं साग्रसंगीत. अलेक्झांड्रियाच्या वर्तमानपत्रातला वृत्तांत सांगतो की नंतर मंडळी एका मोठ्या मांडवात गेली, तिथे ५०० पौंडांच्या बैलाचं बार्बेक्यू झालं आणि बहुतेकांनी ते खाल्लं. (गच्चीवरची छोटी शेगडी डोळ्यांसमोर आणू नका. त्या काळचं बार्बेक्यू म्हणजे जमिनीत चर खणून, निखाऱ्यांवर तासन्‌तास भाजलेलं मांस.)

समजा, तुम्हाला यावरून गर्दीचा अंदाज बांधायचा आहे. मेजवानी देणारा माणसांवरून मांस ठरवतो. आपण उलटे निघालो आहोत, मांसावरून माणसांकडे. ५०० पौंड म्हणजे सुमारे २२७ किलो. पण कशाचे? जिवंत बैलाचे, की कातडं, डोकं, आतडी काढून उरलेल्या धडाचे?

धडाचे असं धरू. हाडं आणि फेकायची चरबी गेली की साधारण दोन तृतीयांश उरतं, १५० किलो. भाजताना पाणी आणि चरबी गळून आणखी ३० टक्के घट धरली तर ताटात १०५ किलो. माणशी २५० ग्रॅम वाढलं तर ४२० जण जेवतील, १५० ग्रॅम वाढलं तर ७००.

आता तेच वजन जिवंत बैलाचं धरा. धड निघेल जेमतेम ५५ टक्के, १२५ किलो. पुढचा हिशेब तोच ठेवला तर ताटात ५८ किलो, म्हणजे २३० ते ३९० माणसं.

आकडा एकच, आणि उत्तर २३० पासून ७०० पर्यंत कुठेही! प्रबंधात कुणी नुसतं ‘सुमारे ५०० लोक जेवले’ असं लिहिलं तर यातला कोणता अर्थ घेतला, हे वाचणाऱ्याला कळणारच नाही. माझा कल धडाच्या वजनाकडे आहे, कारण वाढलेल्या बैलाचं जिवंत वजन २२७ किलो म्हणजे फारच किरकोळ. शिवाय अशा मेजवानीत इतरही खाणंपिणं असावं. त्यामुळे माणशी वाटा २५० ऐवजी १५० ग्रॅमच्या जवळ असणं जास्त पटतं.

राहिली ती ३० टक्क्यांची घट. ती मी आजच्या स्वयंपाकघरातून उचलली आहे आणि मला तीच सर्वांत कच्ची वाटते. वृत्तांत मांडवात बसलेल्यांच्या बाजूने लिहिलेला आहे, चराशेजारी उभं राहून नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात चर खणणं, निखारे राखणं, मांस उलटणं ही कामं बहुतेकदा गुलाम कृष्णवर्णीयांकडे असत. (खुद्द कॅपिटॉलच्या बांधकामावरही गुलाम मजूर भाड्याने लावले गेले, पैसे मालकांना मिळत.) किती मांस लावलं की किती उरतं, हे त्यांना हाताने ठाऊक होतं.

त्यांची बाजू फार उशिरा कागदावर आली. १९३० च्या दशकात सरकारी प्रकल्पात पूर्वीच्या गुलामांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. त्यात दक्षिण कॅरोलिनाचे वेस्ली जोन्स हे वयोवृद्ध गृहस्थ आहेत. बार्बेक्यूच्या आदल्या रात्री ते जागत, काठीला चिंधी गुंडाळून व्हिनेगर, मिरी, लोणी वगैरेंचं पातळ मिश्रण मांसावर फिरवत राहत, आणि ते निखाऱ्यांत ठिबकत राही. ही आठवण त्या बैलाची नाही, कॅपिटॉलच्या समारंभानंतर कित्येक दशकांनंतरची आहे. पण रात्रभर उघड्या चरावर भाजणं म्हणजे काय, ते तिच्यातून दिसतं.

म्हणून मी घट ४० टक्के धरली. १५० किलोचे ९० उरले आणि ४२० ते ७०० चा पल्ला ३६० ते ६०० वर आला. टिपणवहीत मी हा पल्ला लिहिला आहे, आणि शेजारी ‘धडाचं वजन गृहीत’ असा शेराही.