काळी स्क्रीन, ‘नोमोडसेट’ आणि थोडा इतिहास

लॅबच्या मशीनवर लिनक्स टाकलं, रीस्टार्ट केलं आणि स्क्रीन काळीच राहिली, की कुणीतरी सीनियर हमखास सांगतो, “बूटच्या ओळीत नोमोडसेट टाक.” बऱ्याचदा स्क्रीन उजळते आणि आपण कामाला लागतो. पण हा शब्द कुठून आला ते माहीत असेल, तर खरा बिघाड शोधणं सोपं जातं.

एक्स विंडो सिस्टिम १९८४ साली एमआयटीत सुरू झाली. पीसीवरच्या लिनक्समध्ये तिची एक्सफ्री८६ ही आवृत्ती चालायची. तेव्हा ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलायचा तो एक्स सर्व्हर. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, बराचसा बाजूलाच असे. रिझोल्यूशन आणि रिफ्रेश रेट, म्हणजेच ‘मोड’, अनेकदा फाइलमध्ये हाताने लिहावा लागे. चुकीची फ्रिक्वेन्सी दिली तर जुना सीआरटी मॉनिटर खराब होण्याचीही भीती असे. २००४ मध्ये लायसन्सच्या वादानंतर एक्स.ऑर्ग पुढे आलं, पण ही रचना तशीच राहिली.

२००९ साली, कर्नल २.६.२९ मध्ये, आधी इंटेलच्या कार्डांसाठी, मोड ठरवण्याचं काम कर्नलकडे आलं. फायदा मोठा होता, पण ड्रायव्हर अडला तर आता बूट होतानाच स्क्रीन जाऊ लागली. ‘नोमोडसेट’ म्हणजे कर्नलला सांगणं, “मोडला हात लावू नकोस.” मग इंटेल, एएमडी किंवा नूव्होचा खरा ड्रायव्हर कामाला लागतच नाही. फर्मवेअरने दिलेल्या साध्या चित्रावर भागवलं जातं. थोडक्यात, ही तात्पुरती काठी आहे, उपचार नाही.

दुसरा धागा माहितीचा. एएमडीने २००७ मध्ये आपल्या कार्डांची कागदपत्रं खुली करायचं ठरवलं. एनव्हिडियाने तसं केलं नाही, म्हणून लोकांनी कार्डाचं वागणं तपासत तपासत नूव्हो ड्रायव्हर लिहिला. तो २०१० मध्ये कर्नलमध्ये आला. एनव्हिडियाने कर्नलचे मॉड्यूल खुले केले ते थेट २०२२ मध्ये. म्हणून आजही एका कार्डावर दोन दावेदार असतात, आणि कंपनीचा ड्रायव्हर टाकताना नूव्होला बंद ठेवावं लागतं. शिवाय कंपनीचं मॉड्यूल कर्नलच्या बाहेरचं. कर्नल अपडेट झाला की ते त्याच्यासाठी पुन्हा तयार व्हावं लागतं. ते राहिलं, की पुन्हा काळी स्क्रीन!

आता शोध कसा घ्यायचा? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. अक्षरांची स्क्रीन आली, तर कर्नल जिवंत आहे. दोष बहुधा वरच्या थरात, म्हणजे एक्स किंवा डेस्कटॉपमध्ये. मग ‘एलएसपीसीआय -के’ चालवून कार्ड कोणत्या ड्रायव्हरच्या ताब्यात आहे ते बघा. कुणाच्याच नसेल, तर कर्नलचा लॉग वाचा: मॉड्यूल तयार झालंय का? सही नसल्यामुळे सिक्युअर बूटने ते अडवलंय का?

हा नुसता सोयीचा प्रश्न नाही. नोमोडसेट तसंच राहिलं, तर थ्रीडी चित्रणाचं ओझं गुपचूप सीपीयूवर जातं. त्या अवस्थेत घेतलेलं टायमिंग पेपरात गेलं, तर नाव कार्डाचं आणि आकडा सीपीयूचा असा प्रकार होतो. म्हणून वेळ मोजायच्या आधी ड्रायव्हरचं नाव नोंदवहीत लिहा.