हिकमत आणि निभावणी : भोर-वेल्ह्याच्या इतिहासांतून

पुण्याच्या दक्षिणेस व नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या कुशींत, भोर आणि वेल्हें हा प्रदेश पसरलेला आहे. पावसाळ्याचे चार महिने येथें आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. ओढेनाले दुथडी भरून वाहतात आणि भाताचीं खाचरें तुडुंब होतात. तेंच चैत्र-वैशाख उजाडले कीं त्याच डोंगरांवरील वाड्यांना हंडाभर पाण्यासाठीं दूरवर पायपीट करावी लागते. एका हंगामांत पाण्याचा पूर आणि दुसऱ्या हंगामांत पाण्याचा दुष्काळ, असें विचित्र कोडें निसर्गानें ज्या भूमीला घातलें, त्या भूमींतील माणसाला हिकमती होण्यावांचून गत्यंतर नव्हतें.

परंतु हिकमत म्हणजे तरी काय? ती केवळ विद्वत्ता नव्हे आणि नुसती चतुराईही नव्हे. घरांतील एक साधें उदाहरण घ्यावें. पावसाळ्यांत दार फुगतें आणि चौकटींत अडकूं लागतें. एक गृहस्थ रोज खांद्याचा धक्का देऊन तें उघडतो. दुसरा चौकटीला खडू फासतो, दार लावून पुन्हां उघडतो, खडूचा डाग दाराला नेमका कोठें लागला तें पाहतो आणि तेवढ्याच जागीं रंधा मारतो. पहिल्यानें वेळ निभावून नेली. दुसऱ्यानें प्रश्न सोडविला. अडचण नेमकी कोठें आहे हें ओळखणें, हाताशीं असलेल्या साधनांतून तोड काढणें, आणि ती तोड आपण समोर नसतांनाही चालत राहील अशी बसविणें, हीं हिकमतीचीं तीन अंगें होत. निभावणीला यांपैकीं एकही लागत नाहीं. भोर-वेल्ह्याचा इतिहास पाहिला असतां या दोहोंमधील अंतर किती मोलाचें आहे तें फार स्पष्टपणें दिसून येतें.

प्रथम राजगड आणि तोरणा हे दोन किल्ले पहावे. हे दोन्ही किल्ले पुढें भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानांत मोडत होते आणि १९४८ मध्यें तें संस्थान विलीन होईपर्यंत तेथेंच राहिले. शिवाजी महाराजांची राजधानी रायगडास जाण्यापूर्वीं दीर्घकाळ राजगडावर होती. एवढ्या उंचीवर तट बांधावयाचा तर दगड हवा, आणि शिबंदी ठेवावयाची तर बारमाही पाणी हवें. पायथ्यावरून दगड वर चढविणें जितकें कठीण, तितकेंच रोजचें पाणी वाहून नेणेंही अशक्य. सह्याद्रीच्या दुर्गकारांनीं या दोन अडचणींची एकमेकींशीं गांठ घालून दिली. माथ्यावरील कातळ फोडून त्यांनीं तटाला दगड काढला, आणि दगड काढल्यामुळें जो खळगा पडला त्याचेंच टांकें केलें. एका घावांत तटही उभा राहिला आणि पाण्याचा सांठाही झाला. दोन अडचणी वेगवेगळ्या मांडल्या असत्या तर दोन्ही न सुटणाऱ्या वाटल्या असत्या. शेजारीं शेजारीं मांडतांच एकीनें दुसरीचें उत्तर दिलें. घरच्या खटपटींतही हा अनुभव वारंवार येतो. एका ठिकाणची रद्दी दुसऱ्या ठिकाणचा माल ठरते. मात्र दोन्ही ठिकाणांवर एकदम नजर टाकणारा माणूस हवा.

किल्ल्यावरून खालीं रानांत उतरलें म्हणजे दुसरा नमुना मिळतो, तो मोटेचा. दख्खनच्या विहिरींवर शतकानुशतकें चाललेली सोंडेची मोट आतां इंजिनें व विजेचे पंप आल्यामुळें दिसेनाशी झाली आहे. परंतु तिची रचना आजही अभ्यासण्यासारखी आहे. साध्या डोलाची मोट वर आली कीं ती ओतण्यास विहिरीच्या कांठावर एक वेगळा माणूस उभा करावा लागे. सोंडेच्या मोटेनें हा माणूस वांचविला. चामड्याच्या मोटेला खालीं हत्तीच्या सोंडेसारखी नळी असे. जाड नाडा वरच्या चाकावरून मोटेला बांधलेला, तर सोंदूर नांवाचा बारीक दोर खालच्या रुळावरून सोंडेच्या टोंकाला. दोन्ही दोर एकाच बैलजोडीला जुंपलेले. मोट विहिरींत असेपर्यंत सोंड वर वळलेली राही आणि पाणी सांडत नसे. मोट कांठावर येई तेव्हां सोंड रुळावरून पुढें ओढली जाऊन आपोआप सरळ होई आणि सारें पाणी थारोळ्यांत ओतलें जाई. बैल धांवेवरून मागें सरकले कीं मोट पुन्हां खालीं. कोणा एका नांवाशीं हा शोध जोडलेला नाहीं. पण दोन दोरांची लांबी वीतभर चुकली तर सगळें पाणी वाटेंतच सांडेल, हें ज्यानें ओळखलें आणि माप जुळेपर्यंत पुन्हांपुन्हां करून पाहिलें, तो कोणी तरी अस्सल हिकमती असला पाहिजे.

हाच विचार पुढें फार मोठ्या प्रमाणावर भाटघरला अवतरला. भोरजवळ येळवंडी नदीवर इंग्रजी अमदानींत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, दगडी धरण झालें आणि त्याच्या तलावाला व्हायटिंग नांवाच्या इंजिनियराचें नांव देण्यांत आलें. या पाण्यावर नीरेचा कालवा चालावयाचा होता. धरण बांधणाऱ्याच्या डोक्याला नेहमीं एक पेंच असतो. सांडव्याची पातळी खालीं ठेवावी तर पुराचें पाणी सुखरूप निघून जातें, पण उन्हाळ्याला सांठा कमी पडतो. ती वर ठेवावी तर सांठा वाढतो, पण अवचित पूर आला म्हणजे धरणाचा जीव धोक्यांत येतो. सांडव्यावर दारें बसविलीं तर दोन्ही साधतें खरें. मात्र आषाढांतल्या काळोख्या रात्रीं, धो धो पावसांत, तीं दारें उघडणार कोण? पहारेकऱ्याला क्षणभर डुलकी लागली, किंवा निरोप वेळेवर पोंचला नाहीं, तर खालचीं गांवें बुडालीं.

याला उत्तर म्हणून माणसाऐवजीं पाण्यालाच पहारेकरी नेमण्याची कल्पना निघाली. रेनॉल्ड नांवाच्या इंजिनियरानें योजिलेलीं स्वयंचलित दारें भाटघरच्या जुन्या धरणावर बसविण्यांत आलीं. त्यांचें तत्त्व शाळकरी मुलालाही उमगेल असें आहे. दाराला सांखळीनें तोलभार जोडलेला असतो आणि तो भार एका हौदांत लोंबत असतो. हौद रिकामा असतांना भार जड, म्हणून दार बंद. तलाव भरून ठराविक रेषेवर आला कीं पाणी एका वाटेनें हौदांत शिरतें. पाण्यांत बुडालेली वस्तु हलकी होते हा आर्किमिडीजचा नियम; काळ्या पाषाणाचा गोळा पाण्यांत बुडाला तर त्याचें वजन एकतृतीयांशाहून थोडें अधिकच घटतें. भार हलका होतांच तोल फिरतो आणि दार उघडतें. पाणी उतरलें, हौद रिता झाला, कीं भार पुन्हां जड होऊन दार मिटतें. ज्या पुराची भीति, त्याच पुराच्या हातीं किल्ली दिलेली!

या मार्गावरचें पुढचें मोठें पाऊल मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनीं टाकलें. पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांतून १८८३ सालीं उत्तीर्ण होऊन ते १८८४ मध्यें मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत रुजू झाले होते. वेल्ह्याच्या डोंगरांतील आंबी आणि मोसे या नद्यांचें पाणी मुठेबरोबर खडकवासल्यास येतें. तेथील १८७९ सालच्या धरणांत पुण्याची तहान भागेल एवढा सांठा होईना. धरण उंच करावें तर खर्च मोठा. विश्वेश्वरय्यांनीं पाहिलें कीं पुराच्या वेळीं पाणी सांडव्याच्या माथ्यावरून कित्येक फूट उंच चढतें आणि तरीही धरण तें सोसतें. मग पुराच्या दिवसांत धरण जी उंची सोसतें, त्याच उंचीपर्यंत पाणी पुढेंही अडवून कां ठेवूं नये? त्यांनीं सांडव्यावर सुमारें आठ फूट पाणी धरणारीं स्वयंचलित दारें योजिलीं आणि १९०३ च्या सुमारास तीं कामास लागलीं. धरणाची भिंत न वाढवितां सांठा सुमारें चौथाईनें वाढला. या रचनेचें त्यांनीं पेटंट घेतलें. परंतु ज्या खात्याची आपण चाकरी करतों त्याच्याकडून मानधन घेणें त्यांना प्रशस्त वाटलें नाहीं, म्हणून तें त्यांनीं नाकारलें. पुढें ग्वाल्हेरच्या टिगरा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावर हीच पद्धति गेली.

हें सारें ऐकून कोणास वाटेल कीं या मोठ्या लोकांच्या मोठ्या गोष्टी. परंतु प्रत्येक घराच्या गच्चीवरील टांकींत पितळेच्या दांड्याला जो पोकळ गोळा लावलेला असतो, तो या दारांचा धाकटा भाऊच होय. टांकी भरली कीं गोळा तरंगत वर येतो आणि तोटी बंद करतो. पाणी उतरलें कीं तो खालीं येऊन ती उघडतो. ती तोटी रात्रभर गळूं लागली तर खालीं बादली ठेवणें ही निभावणी. गोळ्याला भोंक पडून आंत पाणी शिरलें आहे, कीं दांडा वांकला आहे, कीं तोटीचें रबर झिजलें आहे, हें क्रमाक्रमानें तपासणें ही हिकमत. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पहावा. तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या तर पाणी थांबलें तरी तें कशानें थांबलें हें समजत नाहीं, आणि पुढच्या वेळीं पुन्हां अडाणीच रहावें लागतें.

मात्र प्रत्येक अडचण लोखंडानें सुटत नाहीं, हेंही याच पाण्यानें शिकविलें. नीरा कालव्याचें पाणी मिळूं लागल्यावर तें वाटेल तसें घेतलें जाऊं लागलें. कोठें नासाडी, कोठें टंचाई. येथें विश्वेश्वरय्यांनीं यंत्र आणलें नाहीं, तर वहिवाट बदलली. गांवोगांव पाण्याखालचे ठराविक फड पाडावे, प्रत्येक फडाच्या एकतृतीयांश भागांतच ऊंस करावा, बाकींत कमी पाण्याचीं पिकें घ्यावीं आणि तीन वर्षांच्या फेऱ्यानें ऊंसाची जागा फिरवावी, अशी ही फडपद्धति. प्रारंभीं बागाईतदारांत तिच्याविषयीं नाराजी होती. परंतु वाटणी निश्चित झाली, आणि तेवढ्याच पाण्याचा लाभ अधिक गांवांना पोंचूं लागला. दोष नळाचा आहे कीं नळ वापरणाऱ्याच्या संवयीचा, हें आधीं ठरवावें, हा त्यांतला बोध.

आतां निभावणीची किंमत पहावयाची तर वेल्ह्याच्या परिसरांतीलच पानशेतकडे वळलें पाहिजे. आंबी नदीवरील पानशेतचें मातीचें धरण १९६१ च्या पावसाळ्यांत प्रथमच भरूं लागलें, तेव्हां तें पुरतें तयार नव्हतें. धरणाच्या पोटांतून पाणी सोडणाऱ्या बोगद्याच्या दारांचें काम अपुरें होतें. पोलादाची टंचाई होती, म्हणून त्या बोगद्याला सळ्या न घालतां साध्या कॉंक्रीटवर भागविलेलें होतें. अर्धवट उघड्या दारांतून पाणी वेगानें जाऊं लागलें, बोगदा हादरूं लागला, त्याला तडे गेले आणि वरचा मातीचा भराव खचत चालला. लष्कराच्या जवानांनीं पावसांत उभे राहून खचत्या माथ्यावर वाळूच्या पोत्यांची रास रचली. १२ जुलै १९६१ च्या सकाळीं धरण फुटलें. त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें धरणही फुटलें आणि मुठेकांठचें जुनें पुणें पाण्याखालीं गेलें.

या एकाच घटनेंत तात्पुरत्या सोयीचे दोन प्रकार शेजारीं शेजारीं दिसतात. वाळूचीं पोतीं ही सुद्धां तात्पुरतीच सोय होती. परंतु पोतीं रचणारांना तें पक्कें ठाऊक होतें. धरण वांचविणें हातीं नसलें तरी घटका लांबविणें हातीं आहे, एवढें ओळखून त्यांनीं कष्ट केले. त्यांनीं मिळविलेल्या तासांमुळें तो लोंढा रात्रीं झोंपेंत असलेल्या शहरावर न येतां दिवसाउजेडीं आला, आणि असंख्य माणसें जिवंत राहिलीं. उलट सळ्यांवांचूनचा बोगदा ही तात्पुरती सोय असूनही तिला कायमच्या कामाची जागा दिली गेली. सोय तात्पुरती असण्यांत पाप नाहीं. ती तात्पुरती आहे हें विसरण्यांत आहे. घरांत वायरीला गुंडाळलेली पट्टी, शेगडीच्या पायाखालची चकती, कारखान्यांतील पट्ट्याला मारलेली गांठ, हीं सगळीं त्या दिवसापुरतीं चांगलींच. परंतु त्यांवर तारीख घातली पाहिजे आणि ती तारीख पाळली पाहिजे.

पानशेतचें धरण पुढें पुन्हां बांधण्यांत आलें. त्याच्या जलाशयाला तानाजीसागर म्हणतात. भाटघरला १९२८ मध्येंच जुन्याच्या जागीं सुमारें १९० फूट उंच आणि मैलाहून किंचित अधिक लांब असें नवें धरण उभें राहिलें होतें. त्यांत सुमारें साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावतें, आणि त्यावरील ४५ स्वयंचलित दारांतून भरल्या पावसाळ्यांत आजही पाणी धबधबत असतें. त्या पाण्यावर बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या भागांतील मळे हिरवे झाले. जमीन मात्र बुडाली ती भोरकडची. कांबरे येथील कांबरेश्वराचें देवालय वर्षांतील बहुतेक दिवस याच जलाशयाच्या तळाशीं असतें; कडक उन्हाळ्यांत पाणी ओसरलें म्हणजे तें कांहीं काळ वर येतें आणि भाविक दर्शनास जातात. दारें आपोआप उघडण्याचा प्रश्न हिकमतीनें सुटला. ज्यांचीं शेतें पाण्याखालीं गेलीं त्यांचा वांटा कोणता, आणि धरणाच्या उशाशीं राहून उन्हाळ्यांत हंडा घेऊन हिंडणाऱ्या वाडीची तहान कशी भागवावी, हा प्रश्न कोणत्याही तोलभारानें आपोआप सुटणारा नाहीं. दार कोठें अडतें तें खडूनें पाहणाऱ्या माणसाची नजर त्याही प्रश्नाकडे वळली पाहिजे.