पुरस्कारप्राप्त मुले व युवक : लातूर–नांदेड

पुरस्कारप्राप्त मुले व युवक (लातूर–नांदेड) : शौर्य, क्रीडा, समाजसेवा इ. कारणांनी राज्य वा राष्ट्रीय पातळीवर गौरवलेली अठरा वर्षांपर्यंतची मुले आणि पस्तिशीपर्यंतचे युवक, तसेच गौरवानंतर त्यांना सार्वजनिक कामात आणण्याचे प्रयत्न. या नोंदीत लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ (तालुका निर्मिती १९९९) व निलंगा हा पट्टा आणि नांदेडमधील कंधार व अर्धापूर तालुके प्रामुख्याने घेतले आहेत.

बालशौर्य : भारतीय बालकल्याण परिषदेच्या राष्ट्रीय बालशौर्य पुरस्काराची सुरुवात १९५७ ची. दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंतप्रधान नेहरूंच्या उपस्थितीत शामियान्याला आग लागली, तेव्हा हरिश्चंद्र मेहरा या चौदा वर्षांच्या बालवीराने प्रसंगावधान राखून लोकांना वाचवले. तोच पहिला मानकरी. पुढे घरच्या गरजेपोटी त्याला सरकारी कार्यालयात कारकुनी पत्करावी लागली. गौरवग्रंथांत आगीच्या प्रसंगाला जेवढी जागा मिळते, तेवढी या कारकुनीला मिळत नाही.

नांदेड जिल्ह्यातून २०१७ च्या पुरस्कारासाठी अर्धापूर तालुक्यातील पार्डीचा नदाफ एजाज अब्दुल रऊफ निवडला गेला. बंधाऱ्यात बुडणाऱ्या दोन मुलींना त्याने बाहेर काढले होते. जानेवारी २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते देशातील १८ मुलांना पुरस्कार मिळाले, त्यांत तो होता; तिघांचा गौरव मरणोत्तर होता. त्यानंतरच्या वर्षी परिषदेच्या आर्थिक व्यवहारांवरून केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तिच्यापासून अंतर घेतले. या वादाचा तपशील येथे अप्रस्तुत आहे. परिणाम एवढाच, की शौर्यही मंत्रालयाच्या ‘प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कारा’त सामावले गेले. पाच ते अठरा वयोगटासाठी असलेल्या या पुरस्कारात पदक व प्रमाणपत्र मिळते. २०२१ चे शौर्याचे मानकरी तिघे. त्यांपैकी एक कंधार तालुक्यातील घोडजचा कामेश्वर जगन्नाथ वाघमारे. त्यानेही नदीत बुडणाऱ्या दोघांना वाचवले होते.

दोन्ही प्रसंग पाण्यातले आहेत, आणि प्रदेश दुष्काळाचा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले. त्याच्या पुढच्याच वर्षी पार्डीची घटना घडली. हा विरोधाभास वरवरचा आहे. वर्षभर वाहते पाणी नाही म्हणूनच साठवलेल्या पाण्याशी गाठ पडते. घरणी, साकोळसारखे मध्यम प्रकल्प, कोल्हापुरी बंधारे, नदीतले डोह आणि २०१६ नंतर ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून वाढलेली शेततळी. बंधाऱ्यावर धुणे-पोहणे दोन्ही चालते. शेततळ्याच्या प्लास्टिक अस्तरावर पाय टेकत नाही, कडेला आलेला माणूसही घसरून पुन्हा आत जातो. पोहायला मात्र मुले पाहून-पाहून, फार तर पाठीला डबा बांधून शिकतात. वाचवणाऱ्या मुलाला दिल्लीला नेणे योग्यच; त्याच बंधाऱ्यावर दोर आणि हवा भरलेली ट्यूब टांगून ठेवणे हे मात्र पुरस्काराच्या कोणत्याही नियमावलीत बसत नाही.

गौरवानंतरचे आवाहन : याविषयी छापील सामग्री भरपूर आहे, कारण पंतप्रधान दर वर्षी मानकऱ्यांशी बोलतात आणि ते भाषण प्रसिद्ध होते. २५ जानेवारी २०२१ चा संवाद करोनामुळे दूरदृश्य पद्धतीने झाला. त्या वर्षीच्या ३२ मानकऱ्यांना पंतप्रधानांनी तीन संकल्प सांगितले : सातत्य, देशाचा विचार आणि नम्रता. जानेवारी २०२२ मध्ये याहून ठोस काम दिले गेले : घरात वापरल्या जाणाऱ्या परदेशी वस्तूंची यादी करा, आणि देशी वस्तूंचा आग्रह धरा. २०२२ पासून २६ डिसेंबर ‘वीर बाल दिवस’ म्हणून पाळला जातो. २०२४ पासून पुरस्कारही त्याच दिवशी दिले जातात. संकल्प ऐकून गावी परतलेल्या मुलाने पुढे कोणाकडे जायचे, हे या भाषणांतून कळत नाही.

कुस्ती : ‘पुढे कोणाकडे जायचे’ याचे उत्तर या भागात तालमीने दिले, म्हणून तिचा विचार थोडा विस्ताराने करणे आवश्यक आहे. निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. पुढे त्यांनी रुस्तुम-ए-हिंद किताबही मिळवला. गदा आणि फेटा घेऊन ते सत्कारांत रमले असते, तरी कोणी नावे ठेवली नसती. ते पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले. लातूर जिल्ह्यातलेच काका पवार त्यांच्या हाताखाली घडले, १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळवून त्यांनीही कात्रजला कुस्ती संकुल उभे केले. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे आधी बिराजदारांकडे, नंतर पवारांकडे शिकला. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात त्याने सुवर्ण जिंकले आणि ते २०११ मध्ये निवर्तलेल्या बिराजदार वस्तादांना अर्पण केले. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य, पुढे पोलीस उपअधीक्षकपद. जानेवारी २०२० च्या महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर व लातूरचा शैलेश शेळके यांच्यात झाली. दोघेही पवारांचेच पठ्ठे.

या परंपरेत कोणी कोणाला राष्ट्रविकासाचे आवाहन केलेले नाही. जिंकलेल्या पैलवानाने पोरे तयार करायची, एवढी रीत होती. खुराकाला पैसे लागतात, ते गावाने, आमदाराने, साखर कारखान्याने द्यायचे. उरलेले कर्ज बापाच्या शेतावर चढायचे. मुलींना या तालमींची दारे फार उशिरा उघडली, हे या परंपरेचे मोठे उणे. तरीही मानकऱ्याला पुढच्या पिढीशी बांधून ठेवणारी व्यवस्था म्हणून बालशौर्य वा युवा पुरस्कारांपेक्षा ती सरस ठरते. शूर मुलाला वस्ताद नसतो.



युवा पुरस्कार : राष्ट्रीय युवा पुरस्कार १९८५ पासून. राज्याच्या युवा धोरणानुसार (२०१२) १३ ते ३५ वयोगट युवक मानला जातो, आणि जिल्हा युवा पुरस्कार एक युवक, एक युवती व एक नोंदणीकृत संस्था यांना मिळतो. व्यक्तीला १०,००० रु., संस्थेला ५०,००० रु., शिवाय गौरवपत्र व सन्मानचिन्ह. अर्ज जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. केलेल्या कामाची कात्रणे, छायाचित्रे, प्रमाणपत्रे जोडावी लागतात. त्यामुळे ज्याने फाइल नीट ठेवली तो पुढे सरकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून आलेल्या महाविद्यालयीन मुलांना ही सवय असते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९९४) कक्षेत लातूर, परभणी, हिंगोलीही येतात. या विद्यापीठाच्या महाविद्यालयांतील सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी अनेकदा अर्ज स्वतः लिहून देतात. शाळा सोडून ऊसतोडीला गेलेल्या पोराच्या कामाचे कात्रण कोणी काढलेले नसते. शिरूर अनंतपाळच्या अर्जदाराला फाइल घेऊन लातूरच्या क्रीडा कार्यालयात जावे लागते. केंद्रीय बाल पुरस्काराचा अर्ज मात्र ऑनलाइन आहे, आणि तो मुलाला स्वतःलाही करता येतो.