विस्टिंगचा बाप, सेसिलियाचा बाप: एका नॉर्वेजियन पोलिसाची रहस्यकथा

आजच्या भागात आपण नॉर्वेला जातोय. सुरुवात करू २४ मार्च १९२३ पासून. दिवस शनिवार, ईस्टरची सुट्टी तोंडावर आलेली. राजधानीचं नाव तेव्हा अजून क्रिस्तियानिया होतं, ऑस्लो व्हायला दोन वर्षं बाकी होती. त्या दिवशीच्या 'आफ्तनपोस्टन'च्या पहिल्या पानावर वरच्या बाजूला ठळक अक्षरांत छापून आलं, की बर्गनची गाडी रात्री लुटली गेली.

आता या गाडीने सुट्टीला निघालेल्यांच्या घरच्यांची अवस्था काय झाली असेल बघा. लोकांनी चौकशीसाठी फोन करायला सुरुवात केली. पण गाडी सुखरूप होती. ती बातमी नव्हतीच, एका नव्या कादंबरीची जाहिरात होती, आणि कादंबरीचं नावच ते होतं. लेखक म्हणून नाव होतं जोनाथन येर्व्ह. त्या टोपणनावामागे विशीतली दोन पोरं होती, नॉर्डाल ग्रीग आणि निल्स ली. दोघांनाही पैशांची चणचण. नॉर्डालचा थोरला भाऊ हाराल्ड गिल्डेंडाल या प्रकाशनसंस्थेत होता. पुस्तक घरच्याच माणसाने काढलं आणि जाहिरातही त्याच धिटाईने केली.

हा नॉर्डाल ग्रीग पुढे नॉर्वेचा मोठा कवी झाला. दुसऱ्या महायुद्धात वार्ताहर म्हणून एका बॉम्बफेकी विमानातून बर्लिनवर गेला आणि डिसेंबर १९४३ मध्ये तिथेच मारला गेला. पण नॉर्वेच्या घराघरांत त्याची जी गोष्ट उरली, ती ही लबाडीची. त्या पुस्तकापासून ईस्टरला रहस्यकथा वाचायची पद्धत पडली असं मानतात. त्याला ते लोक 'पोस्केक्रिम' म्हणतात, म्हणजे ईस्टरची रहस्यकथा. डोंगरातल्या लाकडी घरात जायचं, स्कीइंग करायचं, संत्री खायची आणि खून वाचायचे. त्या दिवसांत दुधाच्या खोक्यांवरसुद्धा चित्रांतली रहस्यकथा छापलेली असते. आपल्याकडे जसा दिवाळी अंक, तसा त्यांचा ईस्टरचा खून. जगात इतर कुठे हे इतकं रुजलेलं मला तरी दिसत नाही.

हे आधी सांगितलं, कारण आजचा आपला माणूस याच मातीतला आहे. नाव योर्न लिएर हॉर्स्ट. जन्म १९७०, तेलेमार्क भागातलं बाम्बले. आणि तो मुळात लेखक नव्हे, पोलीस. १९९५ मध्ये लार्विकच्या पोलिसांत रुजू झाला, पुढे तपासप्रमुख झाला. पहिली कादंबरी २००४ ची, एका खऱ्या खुनाच्या प्रकरणावर बेतलेली. नोकरी सोडली ती २०१३ मध्ये. म्हणजे जवळजवळ दहा वर्षं हा माणूस दिवसा जबाब नोंदवत होता आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहीत होता.

रहस्यकथेच्या बाबतीत नॉर्वे तसा जुना खेळाडू आहे. पो ची रू मॉर्गची गोष्ट १८४१ ची, आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात बहुतेक जण तिथून धरतात. पण कोंग्सबर्गच्या माउरिट्स हान्सन नावाच्या शिक्षकाने यंत्रं बनवणाऱ्या रूलफ्सन नावाच्या माणसाच्या खुनाची कथा त्याच्या आधी, १८३९ च्या सुमारास लिहिली होती. इंग्रजीत वेळेवर आली नाही, म्हणून जगाला माहीत नाही. एवढंच.

त्यानंतरचा मोठा माणूस स्वेन एल्व्हेस्टाड. याची तर स्वतःचीच गोष्ट रहस्यकथेसारखी आहे. जन्म १८८४, फ्रेडरिक्सहाल्डचा, म्हणजे आजच्या हाल्डनचा. तरुणपणी नोकरीच्या ठिकाणी पैशांची अफरातफर केली, राजधानीला पळाला, नाव बदललं आणि पत्रकार झाला. मग स्टाइन रिव्हर्टन या टोपणनावाने धडाधड रहस्यकथा लिहिल्या. त्याचा गुप्तहेर आस्ब्योर्न क्राग. १९०९ मधली त्याची 'लोखंडी गाडी' ही कादंबरी आजही वाचली जाते. अगाथा ख्रिस्तीने १९२६ मध्ये जी क्लृप्ती वापरून जगाला चकित केलं, ती एल्व्हेस्टाडने सतरा वर्षं आधी वापरली होती. कोणती ते मी सांगणार नाही, कुणी वाचायचं राहिलं असेल तर मला शिव्या बसतील. नॉर्वेतला रहस्यकथेचा सर्वांत मानाचा पुरस्कार त्याच्या टोपणनावाने, १९७२ पासून दिला जातो. रिव्हर्टन पुरस्कार. म्हणजे कायद्याला चुकवून पळालेल्या माणसाच्या नावाचा पुरस्कार, आणि २०१२ चा तो मिळाला कुणाला, तर एका सेवेतल्या पोलीस अधिकाऱ्याला. हॉर्स्टला.

ज्या कादंबरीसाठी मिळाला, ती 'शिकारी कुत्रे'. पुढच्या दोन वर्षांत तिने उत्तर युरोपातला 'काचेची किल्ली' पुरस्कार आणि स्वीडनचा मार्टिन बेक पुरस्कारही घेतला. आता पुरस्कार बाजूला ठेवू आणि गोष्ट बघू, कारण मुद्दा तिथे आहे.

हॉर्स्टचा नायक विल्यम विस्टिंग. लार्विकचाच तपास अधिकारी. दारूडा नाही, वेडा प्रतिभावंत नाही, बायकोच्या मृत्यूनंतर एकटा राहणारा, कामाला चिकटून असलेला साधा माणूस. मुलगी लीने, ऑस्लोच्या एका मोठ्या दैनिकात पत्रकार. सतरा वर्षांपूर्वी सेसिलिया लिंडे नावाच्या तरुणीच्या अपहरण आणि खुनाचा तपास विस्टिंगने केलेला असतो. एक जण दोषी ठरतो, शिक्षा भोगून सुटतो. आणि मग त्याचा वकील पुढे येऊन म्हणतो, की ज्या पुराव्यावर शिक्षा झाली, तो सिगारेटच्या थोटकावरचा डीएनए, तोच बनावट होता. कुणीतरी पोलिसानेच तो मुद्देमालात घुसवला. तपासाचा प्रमुख विस्टिंग होता, म्हणून विस्टिंग निलंबित.

थांबा जरा इथे. हे लिहिणारा माणूस तेव्हा स्वतः पोलिसात आहे. त्याच शहरात, जवळजवळ त्याच खुर्चीत. सकाळी ज्यांच्याबरोबर कॉफी प्यायची, त्यांच्याबद्दल तो कादंबरीत विचारतोय, की आपल्यातल्या कुणी पुरावा बनवला असेल का? आणि त्याहून वाईट प्रश्न: आरोपी खरोखरच गुन्हेगार असेल, तरी बनवलेल्या पुराव्याने दिलेली शिक्षा ही शिक्षा म्हणायची का?

नॉर्वेच्या वाचकाला हा प्रश्न हवेतला वाटला नसणार. फ्रित्स मोएन हे नाव तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. मोएन जवळजवळ बहिरा, बोलण्यातही अडचण. १९७६ आणि १९७७ मध्ये त्रोंडहाइममध्ये दोन तरुणींचे खून झाले, आणि दोन वेगवेगळ्या खटल्यांत दोन्ही त्याच्या माथी मारले गेले. मुख्य आधार काय, तर त्याचा कबुलीजबाब. तासन्‌तास चौकशी करून मिळवलेला, आणि ठिकठिकाणी वस्तुस्थितीशी न जुळणारा. अठरा वर्षांहून जास्त काळ तो तुरुंगात होता. एका खुनातून २००४ मध्ये निर्दोष सुटला. मार्च २००५ मध्ये वारला. त्यानंतर त्याच वर्षी दुसऱ्याच एका माणसाने मरणाच्या दारात असताना दोन्ही खुनांची कबुली दिली. दुसऱ्या खुनातून मोएन निर्दोष ठरला तो २००६ मध्ये, मेल्यानंतर.

नॉर्वेच्या पोलिसांना याने हलवलं. खरं तर त्याच्या थोडं आधीच, नव्वदच्या दशकाअखेर, एका तरुणाच्या खोट्या कबुलीचं प्रकरण गाजलं होतं. त्यातून चौकशीची पद्धतच बदलायला घेतली. कबुली काढायची नाही, माहिती मिळवायची. संशयिताला मोकळेपणाने बोलू द्यायचं, आधीच ठरवलेल्या उत्तराकडे ढकलायचं नाही. इंग्लंडमधल्या पद्धतीवरून त्यांनी 'क्रेआतीव' नावाचं प्रशिक्षण २००० नंतरच्या पहिल्या वर्षांत सुरू केलं. जुने खटले पुन्हा तपासण्यासाठी स्वतंत्र आयोग २००४ पासून कामाला लागला. आता हॉर्स्टच्या नोकरीची वर्षं बघा: १९९५ ते २०१३. जुनी रीत मोडून नवी येत होती, तेव्हा हा माणूस आत होता. माझं वैयक्तिक मत असं, की विस्टिंगच्या कादंबऱ्यांचा सगळा जीव इथे आहे. पाठलाग कमी, गोळीबार त्याहून कमी. पण 'आपल्याला जे वाटतंय ते खरंच आहे का' ही टोचणी पानोपानी.

याचं सगळ्यात शांत रूप 'काटारिना कोड' (२०१७) मध्ये आहे. चोवीस वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या बाईच्या कागदपत्रांची खोकी विस्टिंग दर वर्षी त्याच तारखेला काढतो. पुन्हा वाचतो. तिच्या नवऱ्याला भेटायला जातो. दुसरा कुणी लेखक असता तर हे पहिल्या दहा पानांत उरकून पुढे निघाला असता, हॉर्स्ट तिथेच बसून राहतो. ज्यांना वेग हवा त्यांनी युस नेस्बो वाचावा, वाईट वाटून घेऊ नये. 'गुहेतला माणूस' (२०१३) मात्र सोडू नका. विस्टिंगच्या घरापासून जवळच राहणारा एक म्हातारा टीव्हीसमोर खुर्चीत मरून पडलेला सापडतो. चार महिने झालेले. कुणाला कळलंच नाही. पोलिसांना त्यात तपास करण्यासारखं काही वाटत नाही. लीनेला वाटतं, की या माणसाला ओळखणारं एकही कुणी कसं नाही, हीच बातमी आहे.

आणि हाच माणूस मुलांसाठी लिहितो.

आपल्या डोक्यात सरळ वाटणी असते. मोठ्यांसाठी बाबूराव अर्नाळकर, मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. नॉर्वेतही मुलांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या अमेरिकन नॅन्सी ड्रू आणि हार्डी बंधूंची भाषांतरं होती. मोठ्यांचे लेखक मुलांकडे वळले, तरी सूर बदलून वळायचे. नेस्बोचंच बघा: मोठ्यांसाठी अंगावर येणारे खून, आणि मुलांसाठी पादायची पावडर शोधणारा डॉक्टर प्रॉक्टर. छानच आहे तो, पण खून आणि मुलं यांच्यात तिथे भिंत आहे.

हॉर्स्टने ती भिंत ठेवली नाही. 'क्लू' ही त्याची मालिका २०१२ मध्ये सुरू झाली. सेसिलिया, लेओ, ऊने आणि एगोन नावाचा कुत्रा, या चौघांच्या आद्याक्षरांवरून ते नाव. किनाऱ्यावरचं गाव, तिथलं 'पर्लेन' नावाचं छोटं विश्रामगृह. वातावरण सुट्टीचं, पण सेसिलियाची आई वारलेली आहे आणि त्या मृत्यूचं कोडं मालिकेभर सोबत चालतं. आता गंमत बघा. त्याच २०१२ मध्ये 'शिकारी कुत्रे' आली, आणि त्यात मारली गेलेली मुलगीही सेसिलियाच. एकाच वर्षी, एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांत एकच नाव, एकीकडे बळी आणि दुसरीकडे शोध घेणारी. यात काही हेतू होता असा दावा मी करत नाही. पण दोन्ही शेजारी ठेवून वाचताना मला ते टोचलं.

त्याहून लहानांसाठी, नुकतं वाचायला शिकलेल्यांसाठी, 'डिटेक्टिव्ह एजन्सी क्रमांक दोन'. चित्रं हान्स यॉर्गन सांडनेस यांची. तिरिल आणि ओलिव्हर ही दोन मुलं आणि ऑत्तो हा कुत्रा. आणि त्यांच्या गावाचं नाव काय? एल्व्हेस्टाड! म्हणजे तोच, अफरातफर करून पळालेला रिव्हर्टन. सात वर्षांच्या मुलाला याचा पत्ता नसतो. शेजारी बसून वाचून दाखवणाऱ्या आजोबांना असतो, आणि ते गालातल्या गालात हसत असणार.

मुलांच्या या पुस्तकांत रक्त जवळजवळ नाही. पण पद्धत तीच आहे: जे दिसलं ते नीट बघायचं, ऐकीव गोष्टीवर कुणाला चोर ठरवायचं नाही, पहिला संशय बरोबर असेलच असं धरायचं नाही. ज्याने नोकरीत खोट्या कबुलीची प्रकरणं उलगडताना बघितली, त्याने पहिलीतल्या मुलाला हे सांगावं, यात मला नवल वाटत नाही. नवल याचं वाटतं, की तो ते उपदेश न करता सांगतो. उपदेश आला की मूल पुस्तक मिटतं, हे त्याला कळलेलं आहे.

एक श्रोते नेहमी विचारतात, की पंचावन्न लाखांच्या आसपासच्या देशात, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी माणसांत, इतके लेखक जगतात कसे. एक कारण सरकारी खरेदी. १९६५ पासून तिथे नव्या नॉर्वेजियन पुस्तकांच्या प्रती सरकार विकत घेतं आणि ग्रंथालयांना वाटतं. बाकी कारणं बरीच आहेत, त्यावर वेगळा भाग करू.

वाचायला घेणाऱ्यांसाठी एक सूचना. इंग्रजीत ही मालिका पहिल्या पुस्तकापासून आली नाही. भाषांतराची सुरुवात झाली ती सहाव्या पुस्तकापासून, त्याचं इंग्रजी नाव 'ड्रेग्ज'. स्टावेर्नच्या किनाऱ्यावर बुटासकट तुटलेली पावलं एकामागून एक वाहत येतात, तिथून सुरू होते. जेवताना वाचू नका. २०१९ ची 'विस्टिंग' ही टीव्ही मालिका 'गुहेतला माणूस' आणि 'शिकारी कुत्रे' या दोन्ही गोष्टी गुंफून केलेली आहे, स्वेन नूर्डिन विस्टिंग झालाय. चांगली आहे, पण आधी 'शिकारी कुत्रे' वाचा. त्या थोटकाचं काय झालं ते पडद्यावर कळण्याआधी पानावर कळलेलं बरं.